कंपन पावत नाही अशी नळी नसते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नेमबाजीकडे वळू पाहणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी आपल्या दैनिकाच्या क्रीडा पुरवणीत जो मोठा लेख आला, तो मी दोनदा वाचला. परवाना, पोशाख, सरावाच्या वेळा यांविषयीची त्यातील माहिती उपयोगी आहे आणि ती मराठीत इतक्या सविस्तर क्वचितच वाचायला मिळते, हे आधी नमूद करतो. मात्र त्यातील दोन विधाने तशीच राहू देणे मला योग्य वाटत नाही. नामांकित परदेशी कंपन्यांच्या रायफलींच्या नळ्यांना कंपनच नसते आणि म्हणून त्या अचूक असतात, हे पहिले विधान. साध्या रायफलच्या नळीच्या तोंडाशी ट्यूनर, म्हणजे पुढेमागे सरकणारे वजन, बसवले की कंपनाचा प्रश्न कायमचा मिटतो, हे दुसरे. मी तंत्रनिकेतनात यंत्रशास्त्र शिकवून निवृत्त झालो आणि माझी पुतणी गेली सहा वर्षे ५० मीटर रायफल खेळते आहे. त्यामुळे हा विषय मी फळ्यावरही मांडला आहे आणि रेंजवर तिच्या मागच्या खुर्चीत बसून पाहिलाही आहे.

प्रथम एक गल्लत दूर केली पाहिजे. त्या लेखात नेमबाजाच्या हाताचा कंप आणि नळीचे कंपन ही दोन्ही एकाच परिच्छेदात, जवळजवळ एकाच अर्थाने आली आहेत. हाताचा कंप संथ असतो, सेकंदाला साधारण आठ ते बारा हेलकाव्यांचा. तो नेमबाजाला दिसतो, जाणवतो आणि श्वास, पवित्रा व सराव यांनी बराचसा आवरता येतो. नळीचे कंपन सुरू होते ते ट्रिगर सुटल्यानंतर. फायरिंग पिन, म्हणजे काडतूस पेटवणारी खीळ, काडतुसाच्या कडेवर आदळते तेव्हा पहिला धक्का बसतो. ५० मीटर रायफलमध्ये वापरल्या जाणाऱ्या पॉइंट टूटू (०.२२ इंची) काडतुसात स्फोटक मसाला बुडाच्या कडेत भरलेला असल्यामुळे हा आघात मध्यावर न बसता एका बाजूला बसतो. मग दारू पेटते, वायूचा दाब नळी ताणतो, गोळी नळीच्या आतल्या पिळदार खाचांत रुतून फिरत पुढे निघते आणि त्याच वेळी सगळी रायफल मागे सरकू लागते. नळीचा अक्ष रायफलच्या गुरुत्वमध्याच्या वर असल्यामुळे ही मागची ढकल नळीचे तोंड वर उचलू पाहते. हे सगळे उरकून गोळी बाहेर पडायला दोन ते तीन मिलिसेकंद पुरतात. माणसाची प्रतिक्रिया यायला सुमारे दोनशे मिलिसेकंद लागतात, तेव्हा या काळात नेमबाजाने काही करण्याचा प्रश्नच येत नाही. जे करायचे ते त्याने आधीच करून ठेवलेले असते.

शाळेत असताना आपण सर्वांनी लाकडी पट्टीचे एक टोक बाकाच्या कडेवर दाबून दुसरे टोक छेडलेले आहे. एका टोकाला घट्ट बसवलेली आणि दुसरे टोक मोकळे असलेली रायफलची नळी ही यंत्रशास्त्राच्या दृष्टीने तशीच पट्टी आहे. ती पोलादाची आहे, गोल आहे आणि आतून पोकळ आहे, एवढाच फरक. अशा दांड्याचे कंपन कसे होते याचे गणित ऑयलर आणि बर्नोली या गणितज्ञांनी अठराव्या शतकातच मांडून ठेवले आहे आणि पदविकेच्या विद्यार्थ्यालाही ते सोडवता येते. नळी ६५० मिलिमीटर लांब आणि २२ मिलिमीटर जाड धरली, तर ती केवळ स्वतःच्या वजनाने टोकाशी पाव मिलिमीटरहून किंचित अधिक झुकलेली असते. तिचे सर्वांत संथ कंपन सेकंदाला सुमारे ४० आवर्तनांचे निघते, त्यावरचे सुमारे २४० चे आणि त्याच्याही वरचे साधारण साडेसहाशेचे. जगातल्या कोणत्याही कारखान्यातून बाहेर पडलेली नळी या गणितातून सुटत नाही, मग तिच्यावर कोणतेही नाव कोरलेले असो.

आता हे कंपन किती लहान असले तरी पुरते, ते पाहू. ५० मीटरच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. गोळीची कड त्या वर्तुळाला शिवली तरी दहा गुण मिळतात, म्हणजे गोळीचा मध्य लक्ष्याच्या केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत यावा लागतो. तिथून आत दर ०.८ मिलिमीटरला गुण ०.१ ने वाढतो आणि अगदी मध्याजवळ १०.९ मिळतात. वर घेतलेल्या नळीचे तोंड जर तिच्या लांबीच्या मानाने एक शतांश मिलिमीटर बाजूला कलले, तर ५० मीटरवर गोळी पाऊण मिलिमीटरहून अधिक सरकते. केसाच्या जाडीपेक्षाही बारीक अशा या झुकावाची किंमत ०.१ गुण इतकी आहे आणि अंतिम फेरीत एवढ्या फरकानेही माणूस बाहेर जातो. पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी शातोरू येथे झालेल्या ५० मीटर थ्री पोझिशनच्या (गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभ्याने नेम धरण्याच्या प्रकाराच्या) अंतिम फेरीत राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी ४५१.४ गुणांवर कांस्यपदक मिळवले. त्या आकड्यातला दशांश चिन्हापुढचा चार हा अंक ज्या अंतरांतून तयार झाला, ती अंतरे या मापाची होती.

कंपनाविषयी क्लबांमधून आणि चित्रफितींमधून जो खुलासा सर्रास केला जातो, त्याचाही इथे थोडा समाचार घेतो. नळी वरखाली झुलते, झोक्याच्या अगदी टोकाला ती क्षणभर थांबते आणि गोळी नेमकी त्या क्षणी सुटली की निशाण अचूक लागते, असे ते सांगणे असते. ऐकायला ते छान वाटते, पण वरचे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. संथ कंपनाचे एक आवर्तन पूर्ण व्हायला २५ मिलिसेकंद लागतात आणि गोळी अडीच मिलिसेकंदांत निघून गेलेली असते. म्हणजे झोका जेमतेम एक दशांश पुरा झालेला असतो, मग टोकाला पोहोचून थांबणार कुठून? गोळी बाहेर पडताना नळीच्या तोंडाची जी अवस्था असते, ती वरच्या जलद कंपनांची, रायफलच्या मागे सरकण्याची आणि नुकत्याच सुरू झालेल्या संथ झुकण्याची मिळून झालेली असते. शिवाय तोंड किती बाजूला गेले आहे यापेक्षा ते कोणत्या दिशेला रोखलेले आहे याला महत्त्व असते, कारण ५० मीटरवर कोनाचाच गुणाकार होतो.

एवढे गुंतागुंतीचे असूनही रायफली अचूक असतात, याचे कारण ही सारी गुंतागुंत दर वेळी जवळजवळ तशीच्या तशी घडते. नळी प्रत्येक गोळीला एकाच रीतीने झुकत असेल, तर तो झुकाव साइट, म्हणजे नेम धरायची दर्शिका, बसवतानाच हिशेबात येऊन जातो आणि पुढे त्याचा काहीही उपद्रव होत नाही. उपद्रव होतो तो एका गोळीला असा आणि पुढच्या गोळीला तसा झुकाव आला म्हणजे. नामांकित कंपन्यांच्या रायफली महाग का असतात, याचेही उत्तर इथेच आहे. त्यांची नळी थरथरते, पण बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा अडसर, दर वेळी तसाच बसतो, पिन तितक्याच जोराने आदळते, नळीचा आतला भाग टोकापर्यंत एकाच मापाचा असतो आणि यंत्रणा कुंद्यात, म्हणजे खांद्याला टेकवायच्या दस्त्यात, हलत नाही. पैसा या सातत्यासाठी मोजला जातो, एवढे तरी पालकांना कळायला हवे.

हे सातत्य कुठे बिघडते, याचे एक उदाहरण घरचेच देतो. तीन वर्षांपूर्वी श्रावणात पुतणीच्या गोळ्या अधूनमधून डावीकडे जाऊ लागल्या. तिची रायफल जुनी, लाकडी कुंद्याची. बाकावर वाळूच्या पिशव्यांवर ठेवून मारली की पाचही गोळ्या एका ठिकाणी, आणि पालथे पडून, पट्टा दंडाला आवळून मारली की तीन मध्यात, दोन डाव्या अंगाला. प्रशिक्षकांनी निष्कर्ष काढला की रायफल ठीक आहे, मुलीचे लक्ष ठिकाणावर नाही. दहावीचे वर्ष आहे, असे व्हायचेच. दीड महिना ती पोर आपल्याला एकाग्रता जमत नाही म्हणून स्वतःला दोष देत होती. मला राहून राहून वाटे की एकाग्रता सुटली तर गोळ्या चहूकडे जायला हव्यात, एकाच दिशेला कशा जातील? एका रविवारी मी दहा रुपयांची नोट घेतली आणि नळी व कुंद्याचा पुढचा भाग यांमधल्या फटीतून सरकवत नेली. रायफल नुसती ठेवलेली असताना नोट अडखळत का होईना, पण गेली. मग तिला पट्टा चढवून पवित्र्यात झोपवले आणि पुन्हा नोट घातली, ती उजव्या अंगाला अडकली. आंबा घाटाकडून येणाऱ्या दमट हवेने लाकूड फुगले होते, फट कमी झाली होती आणि पट्ट्याच्या ओढीने कुंद्याचा पुढचा भाग डावीकडे वाकून त्याची उजवी भिंत नळीला टेकत होती. पट्टा जितका आवळलेला तितका रेटा, आणि तो रेटा प्रत्येक गोळीला वेगळा. गोल दांडीला काचकागद गुंडाळून मी ती खोबण मिलिमीटरभर मोकळी केली, लाकडाला आतून वार्निशचे दोन हात दिले आणि गोळ्या मध्यात आल्या. खर्च काचकागदाचा आणि वार्निशच्या छोट्या डब्याचा.

नळीला कुंद्याचा कुठेही स्पर्श होऊ न देण्याची ही पद्धत नेमबाजीत फार जुनी आहे. यंत्रणा कुंद्याला जोडणारे स्क्रू ठरावीक जोराने आवळणे, त्यासाठी जोर मोजणारा पाना वापरणे, तो आकडा वहीत लिहून ठेवणे आणि पावसाळा सुरू होताना व संपताना पुन्हा तपासणे, ही कामे त्याच जातीची आहेत. ती दिसायला किरकोळ, म्हणून कोणी करत नाही.

दुसरा मोठा घटक काडतुसांचा. पॉइंट टूटूची स्पर्धेची गोळी सुमारे २.६ ग्रॅम वजनाची असते आणि ती आवाजापेक्षा कमी वेगाने, सेकंदाला ३२० ते ३३० मीटरच्या आसपास सुटते. ५० मीटर जायला तिला ०.१६ सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात ती नळीच्या रेषेपासून सुमारे साडेबारा सेंटिमीटर खाली येते. वेगात केवळ एक टक्का फरक पडला तर खाली येण्यात अडीच मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे तीन दशांश गुण गेले. इथे कंपनाची एक विलक्षण गंमत आहे. मंद गोळी नळीत किंचित अधिक काळ राहते. ती सुटण्याच्या क्षणी नळीचे तोंड वर चाललेले असेल, तर मंद गोळी थोड्या वरच्या कोनाने निघते आणि तिचे जास्त खाली येणे आपोआप भरून निघते. ज्या कंपनाला आपल्या लेखाने शत्रू ठरवले, तेच कंपन अशा वेळी काडतुसांतला दोष झाकून टाकते.

ही नवी कल्पना नव्हे. आर्नल्फ मॅलॉक या इंग्रज शास्त्रज्ञाने रायफलच्या नळ्यांच्या कंपनावर १९०१ साली रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात निबंध लिहिला. त्या काळातली ली-एनफिल्ड ही याच गुणासाठी नेमबाजांत पुढे प्रसिद्ध झाली. तिच्या बोल्टचे अडकण पुढे नसून मागे असल्याने गोळी सुटताना तिची यंत्रणा लवते आणि नळीचे तोंड विशिष्ट रीतीने वर जाते. परिणामी जवळच्या अंतरावर ती इतर रायफलींपुढे सामान्य ठरे, पण हजार यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर, तिच्या गोळ्या अपेक्षेपेक्षा एकत्र पडत. म्हणून इंग्लंडातील बिस्ली येथे लांब पल्ल्यासाठी ती मुद्दाम निवडणारे नेमबाज होते. ही तीच रायफल, जी बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात बनली आणि ‘थ्री नॉट थ्री’ या नावाने आपल्या पोलिसांच्या खांद्यावर कित्येक दशके राहिली. तिच्यावर हात बसलेले निवृत्त हवालदार आजही सांगतात की ती लांबवर जास्त इमानी होती. ऐकणाऱ्याला तो बढाईचा भाग वाटतो, पण त्यात तथ्य आहे.

आता ट्यूनरविषयी. नळीच्या तोंडाशी बसवलेले, आट्यांवर पुढेमागे सरकणारे वजन म्हणजे ट्यूनर. वजन सरकले की नळीच्या कंपनांचे आवर्तन बदलते आणि गोळी सुटण्याच्या क्षणी तोंडाची गती बदलते, त्यामुळे वर सांगितलेली भरपाई साधण्याची शक्यता असते. तत्त्व खरे आहे आणि कसलेले नेमबाज ते वापरतात. मात्र ट्यूनर कंपन नाहीसे करत नाही, त्याची वेळ बदलतो. आणि जी जागा एका वेगाच्या काडतुसांना मानवते, ती वेगळ्या वेगाच्या काडतुसांना मानवेलच असे नाही. म्हणून ‘बसवला आणि मिटले’ हे विधान टिकत नाही.

त्याहून मोठी अडचण मोजण्याची आहे आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पालकांचे पैसे इथेच जातात. ट्यूनर एका खुणेवर ठेवून पाच गोळ्या मारायच्या, त्यांचा पसारा मोजायचा, पुढच्या खुणेवर पुन्हा पाच, असे करत जिथे पसारा सर्वांत कमी ती खूण पक्की करायची, ही सर्वत्र चालणारी रीत आहे. पाच गोळ्यांचा पसारा मुळात योगायोगावर फार हेलकावतो. काहीही न बदलता त्याच रायफलने, त्याच खोक्यातून पाच-पाच गोळ्यांचे गट मारत गेलो आणि त्यांची सरासरी १२ मिलिमीटर आली, तरी एखादा गट ९ चा आणि एखादा १५ चा येणे हे अगदी नेहमीचे असते. दहा खुणा तपासल्या की त्यांतली एक ‘उत्तम’ निघणारच, ट्यूनर डब्यात ठेवून दहा गट मारले असते तरी एक निघालाच असता. पुतणीच्या वेळी मी त्याच खुणेवर दुसऱ्या दिवशी पुन्हा वीस गोळ्या मारायला लावल्या आणि ती ‘उत्तम’ खूण बाकीच्यांसारखीच निघाली. विकणाऱ्याने फसवले असे मी म्हणणार नाही, त्याचाही त्यावर मनापासून विश्वास होता. एका खुणेवर किमान वीस-पंचवीस गोळ्या आणि तोच प्रयोग वेगळ्या दिवशी पुन्हा, एवढे केल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नये.

तोच न्याय काडतुसांच्या लॉटलाही, म्हणजे एका वेळी बनलेल्या खेपेलाही, लागू आहे. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या काडतुसांचे दोन लॉट एकाच नळीत वेगवेगळे वागतात, आणि एका नळीत चांगला ठरलेला लॉट शेजारच्या लेनवरच्या नळीत सामान्य ठरतो. त्यामुळे मोठे नेमबाज आपली रायफल थेट काडतुसे बनवणाऱ्या कारखान्यात नेतात, ती तिथे जखडून वेगवेगळ्या लॉटच्या गोळ्या मारून पाहतात आणि जुळेल तो लॉट वर्षभरासाठी घेऊन येतात. आपल्याकडच्या मुलांना ते परवडणारे नाही. पण क्लबातल्या पाचसहा जणांनी मिळून दोन-तीन लॉटची थोडी थोडी खोकी मागवावीत, प्रत्येकाने आपल्या रायफलने नीट मोजून पाहावे आणि मग मोठी मागणी नोंदवावी, एवढे निश्चित जमते. काही कंपन्या खोक्यावर लॉट क्रमांकाबरोबर त्या लॉटचा वेगही छापतात, तो वाचण्याची सवय लावावी. माझ्या मते ट्यूनरवर घालायचा पैसा आधी इथे घालावा.

जाड नळीबद्दल थोडक्यात. दांड्याचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. १८ मिलिमीटरच्या जागी २२ मिलिमीटरची नळी घेतली तर ती सव्वादोन पट ताठ होते, वजन मात्र दीडपट होते. झुकणे कमी झाले हा लाभ खरा. पण चौदा वर्षांच्या मुलीला ते वाढलेले वजन उभ्या पवित्र्यात तासभर पेलायचे असेल, तर नळीचे कंपन कमी करण्याच्या नादात आपण हाताचा कंप वाढवून ठेवतो.

आणखी एक गोष्ट लेखात यायला हवी होती. नवशिकी मुले बहुधा १० मीटर एअर रायफलनेच सुरुवात करतात आणि तिथे हा प्रश्न पुष्कळच सौम्य असतो. छर्रा अर्ध्या ग्रॅमचा, दारूचा स्फोट नाही, आणि बाहेरून जी लांब नळी दिसते तिचा पुढचा भाग केवळ आवरण असते. आतली खरी नळी बहुतेक रायफलींत ४२० मिलिमीटरच्या आसपास, म्हणून ताठ. दहाचा ठिपका तिथे अवघा अर्धा मिलिमीटरचा असतो हे खरे, पण तिथे गुण जातात ते बहुतांशी पवित्र्यात, ट्रिगरवर आणि छर्रा सुटल्यानंतर रायफल खाली घेण्याच्या घाईत. एअर रायफल खेळणाऱ्या मुलाच्या पालकांना कोणी नळीच्या कंपनावरचा उपाय विकू लागले, तर त्यांनी खुशाल नकार द्यावा.

तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथे पडून नेम धरण्याच्या प्रकारात, ६०० पैकी ५९७ गुण मिळवून विश्वविजेतेपद पटकावले, तेव्हापासून आमच्या कोल्हापूर भागात मुलीच्या हाती रायफल देणाऱ्या घरांची संख्या वाढली आणि कुसाळे यांच्या पदकानंतर त्यात आणखी भर पडली. यांतली बहुतेक घरे शेतीवर किंवा एका पगारावर चालणारी आहेत. ती आपले दैनिक वाचतात आणि छापून आलेल्या शब्दावर विश्वास ठेवून खरेदी करतात. माझ्या ओळखीतल्या एका पालकांनी हा लेख कापून ठेवला आहे आणि ट्यूनरसाठी सोसायटीचे कर्ज काढण्याचा त्यांचा विचार चालला आहे. तेव्हा वरील दोन विधानांची दुरुस्ती पुढच्या रविवारच्या पुरवणीत, शक्यतो त्याच पानावर छापावी, ही विनंती. लेखकमहोदयांना नोटेचा प्रयोग स्वतः करून पाहायचा असेल, तर पुतणीची रायफल आणि मी, दोघेही रविवारी सकाळी रेंजवर असतो.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त अध्यापक, कोल्हापूर